अंगावरून पांढरं जातंय? आतून धुवायच्या आधी हे वाचा

पांढरं जायला लागलं, वास यायला लागला की आपण पहिलं काय करतो, साबण, जंतुनाशक टाकलेलं पाणी, नाहीतर मेडिकलमधला सुगंधी वॉश. माझी मावशी वर्षभर हेच करत होती, आणि नेमकं हेच करायचं नसतं.

का ते सांगते. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले बॅक्टेरिया असतात, दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंदच म्हणा, ते लॅक्टिक ॲसिड तयार करतात आणि पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.८ ते ४.५ च्या आसपास ठेवतात, त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंचं फावत नाही. ते कमी झाले की गार्डनेरेलासारखे दुसरे माजतात. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, पातळ राखाडी-पांढरा स्राव आणि माशासारखा वास ही खूण. आतून धुण्याने याचा धोका वाढतो.

आता कॅन्सरचं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही, म्हणजे ह्युमन पॅपिलोमा व्हायरसमुळे, त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून साधारण ७०% केसेस. बहुतेकींच्या शरीरातून हा व्हायरस एक-दोन वर्षांत आपोआप जातो, धोका असतो तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला तर, आणि लॅक्टोबॅसिलस कमी असलेल्या बायकांमध्ये तो जास्त रेंगाळताना दिसतो. म्हणून व्हजायनोसिस झाला की कॅन्सर होणारच असं अजिबात नाही, घाबरू नका, पण अंगावरही काढू नका.

तर बाहेरून साध्या पाण्याने धुवा, आत काही घालू नका. दही खा की, पण तिथे लावू नका, त्याने हे बरं होत नाही. शेजारणीची उरलेली गोळी घेऊ नका, डॉक्टर स्राव तपासून मेट्रोनिडॅझोलसारखं औषध देतात, ते दोन दिवसांत बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करा. संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं तर त्याच आठवड्यात दाखवा.

आणि स्राव बरा झाला म्हणून तपासणी चुकवू नका, कारण एचपीव्हीला लक्षणंच नसतात. आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा मोठा अभ्यास झाला, २००९ साली छापून आला, त्यात ज्या गटाला फक्त एकदा एचपीव्ही टेस्ट दिली त्यात ८ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. एकदाच हं! तिशी ओलांडली असेल तर ही टेस्ट विचारा, घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लसीचं विचारा, पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक आहे. लस घेतलेल्यांनीही पुढे टेस्ट करायचीच.

टेस्टला पाळी संपल्यावर जा, आणि आधीचे दोन दिवस योनीत गोळी, क्रीम काही ठेवू नका आणि संबंधही नकोत.