होडीचं लाकूड: घेताना अन् वाळवताना या चुका टाळा

होडी बांधायचं डोक्यात आलं की लोक थेट टिंबर मार्केट गाठतात, "वाळलेलं आहे का" विचारतात, वखारवाला हो म्हणतो, विषय संपला. इथंच फसगत होते. फळी वरून कोरडी लागली तरी आत ओल असते. मॉइश्चर मीटर नसेल तर फळीच्या मधला छोटा तुकडा कापा, टोकाचा नको, ते आधीच वाळलेलं असतं. काट्यावर वजन करा, ओव्हनमध्ये शंभरेक डिग्रीला ठेवा अन् वजन उतरायचं थांबलं की परत बघा. १२० ग्रॅमचे १०० झाले म्हणजे ओल २० टक्के, हिशोब कोरड्या वजनावर धरायचा. होडीला १५ च्या आसपास पाहिजे, इपॉक्सीनं (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) जोडणार असाल तर १२ पर्यंत.

उलटी चूक पण होते बरं का. भट्टीत ८ टक्क्यांवर आणलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवून ठोकल्या तर पाण्यात गेल्यावर फुगतात आणि खिळे, बरगड्या सगळं ढिलं करतात.

साग परवडत असेल तर बेस्ट, पण कडेचा पांढरट भाग घेऊ नका, सागाचा असला म्हणून काय झालं, तो कुजतो आणि त्याला भुंगा पण लागतो. खाली कोकणात होड्यांना उंडी, फणस वापरतात, ते मिळालं तर बघा. आंबा स्वस्त पडतो म्हणून लई जण घेतात, पण ते खोक्यांचं लाकूड, पाण्यात टिकत नाही. वाकवायच्या फळीत गाठ किंवा लाकडाच्या धाग्याची तिरकी रेषा असली तर ती तिथंच मोडणार.

आता वाळवणं. एक इंच जाडीला साधारण वर्ष धरा. पावसाळा संपला की थप्पी लावा, जमिनीपासून फूट-दीड फूट वर, दोन फळ्यांत इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका ओळीत पाहिजेत नाहीतर फळी लाटेसारखी होते. टोकांना पहिल्याच दिवशी ऑइल पेंट मारा, पाणी तिथूनच पटकन निघतं आणि चिरा पडतात. ताडपत्रीत सगळीकडून गुंडाळलं तर बुरशी येऊन काळे-निळे डाग पडतात, झाकायचं फक्त वरून. बंद पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलचं ऊन पण नको, बाहेरून वाळतं, आत ओलं राहतं, मग तडकतं. पंचगंगेच्या पूररेषेत राहत असाल तर थप्पी माळ्यावर टाका, २०१९ आणि २०२१ बघितलंय ना, होडी व्हायच्या आधीच लाकूड तरंगत जाईल. आणि मे महिन्यात मोजलेल्या आकड्यावर ऑगस्टमध्ये काम सुरू करू नका, आपल्याकडच्या पावसात फळी परत ओल धरते, नव्यानं मोजा.

टोकाला चीर गेलीच असेल तर लांबी (पुट्टी) भरून झाकू नका, चीर संपते त्याच्या पुढनं कापा. खोलगट झालेली फळी उभी फाडून अरुंद पट्ट्या करा, बऱ्यापैकी वाचते. पीळ पडलेली मात्र ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नका, तुकडे करून आतल्या बसायच्या पाटाला वापरा.