भूगर्भातील अणुकचरा : सुरक्षा परीक्षणात या चुका टाळा

अणुभट्टीतील वापरलेले इंधन जमिनीखाली कायमचे पुरण्याचा प्रस्ताव नियामक संस्थेकडे येतो, तेव्हा सोबत हजारो पानांचा सुरक्षा अहवाल असतो. जोखमीचा अंतिम आकडा मर्यादेच्या आत आहे एवढेच पाहून समाधान मानणे ही परीक्षणातील सर्वांत मोठी चूक होय. स्वीडनच्या नियमानुसार सर्वाधिक झळ पोहोचणाऱ्या गटातील व्यक्तीला अपाय होण्याची जोखीम वर्षाला दहा लाखांत एकाहून अधिक असू नये. परंतु ही अट पूर्ण होते असे सांगणारे गणित ज्या गृहीतकांवर उभे असते, त्यांतले प्रत्येक गृहीतक चुकले तर काय होईल, हे वेगळे तपासावे लागते.

स्वीडनमधील फोर्समार्कचे प्रकरण या दृष्टीने बारकाईने पाहण्याजोगे आहे. तेथे सुमारे 190 कोटी वर्षे जुन्या खडकात, साधारण 500 मीटर खोलीवर, 5 सेंटिमीटर जाडीच्या तांब्याच्या कुप्यांत इंधन ठेवायचे आहे. कुपीच्या आत बिडाचा गाभा आणि भोवती बेंटोनाइट (पाणी शोषून फुगणारी) माती. ऑक्सिजन नसलेल्या भूजलात तांबे जवळपास गंजत नाही, हा या रचनेचा पाया. पण शुद्ध, ऑक्सिजनविरहित पाण्यातही ते गंजते, असा दावा स्टॉकहोममधील काही संशोधकांनी केला. जानेवारी 2018 मध्ये किरणोत्सार सुरक्षा प्राधिकरणाने भांडार उभारू पाहणाऱ्या कंपनीच्या 2011 च्या अर्जाला परवानगी देण्याची शिफारस केली, तर पर्यावरण न्यायालयाने कुपीविषयी अधिक पुरावा मागितला. कुपी ठेवलेल्या गरम विवरात पाणी वाफ होऊन क्षार तांब्यावर साचतात, त्याला तेथे ‘सॉना परिणाम’ म्हणतात. त्यासह सल्फाइडमुळे (गंधकाच्या संयुगामुळे) पडणारे खड्डे, हायड्रोजनमुळे येणारा ठिसूळपणा, असे मुद्दे न्यायालयाने एकेक करून मांडले. कंपनीने 2019 मध्ये पूरक माहिती दिली आणि सरकारने जानेवारी 2022 मध्ये परवानगी दिली. विरोधी दावा शेवटी टिकला नाही तरी त्यामुळे गेलेला वेळ वाया गेला असे मानणे मला पटत नाही. ‘सरासरी गंज नगण्य’ या एका वाक्याखाली झाकलेल्या वेगवेगळ्या प्रक्रिया त्यामुळेच सुट्या झाल्या.

दुसरी चूक कालमर्यादेची. अमेरिकेत नेवाडा राज्यातील युक्का माउंटन या प्रस्तावित अणुकचरा भांडारासाठी 10,000 वर्षांपुरते मानक ठरवले गेले; पण राष्ट्रीय विज्ञान अकादमीने, किरणोत्साराचा धोका कळसाला पोहोचेल तो काळही मोजावा, असे 1995 मध्येच सुचवले होते. न्यायालयाने 2004 मध्ये ती मर्यादा रद्द केली आणि 2008 मध्ये दहा लाख वर्षांचे मानक आले.

तिसरी चूक खडकाकडे पाहता पाहता कचऱ्याच्या पिंपाकडे दुर्लक्ष करण्याची. न्यू मेक्सिकोतील मिठाच्या थरात, सुमारे 655 मीटर खोल असलेल्या अणुकचऱ्याच्या भांडारात 14 फेब्रुवारी 2014 रोजी एक पिंप फुटले. लॉस अलामॉसच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेत ते भरताना नायट्रेट क्षारांसोबत मांजराच्या शौचपेटीत वापरतात तसा, पण खनिजाऐवजी सेंद्रिय शोषक वापरला गेला होता. त्यातून उष्णता निर्माण होऊन झाकण निसटले. भांडारात कचरा ठेवणे 2017 पर्यंत बंद राहिले. म्हणून परवान्याच्या अटींत पिंपात नेमके काय भरले आहे याची नोंद, भरण्याच्या कृतीतील प्रत्येक बदलाची रासायनिक तपासणी आणि तो बदल मंजूर करणाऱ्याचे नाव, हे तिन्ही मागावे. शोषकाच्या गोणीवरील लेबल बदलले, तरी ती कृती पुन्हा परीक्षणाला आली पाहिजे.