आई केअर सेंटरमध्ये दिवसभर झोपूनच असते? आधी गोळ्यांचा चार्ट मागा

आमची आई सिंहगड रोडजवळच्या एका केअर सेंटरला आहे, डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). एकदा दुपारी चारला गेले तर चहात बुडवलेलं बिस्कीट हातातच विरघळतंय, डोळे मिटलेले. तिथल्या सांभाळणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आता शांत झाल्यात हो." शांत कसली, गुंगीत होती.

तुमच्याकडेही असं असेल तर चार्टचा फोटो काढा. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल यातलं काही दिसलं तर ते अँटिसायकोटिक, मुळात स्किझोफ्रेनियासारख्या आजारांचं. २००५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) यातल्या नव्या औषधांवर कडक वॉर्निंग टाकली, कारण डिमेन्शियाच्या म्हाताऱ्या पेशंटांच्या साधारण १० आठवड्यांच्या ट्रायल्समध्ये औषध घेणारे ४.५ टक्के गेले आणि नुसती खोटी गोळी घेणारे २.६ टक्के. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांवर ती २००८ ला आली. शिवाय पडणं, अंग ताठरणं, स्ट्रोक. लेवी बॉडी डिमेन्शिया असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगाच, त्यात ही औषधं फार वाईट उलटतात.

मग डॉक्टरांना विचारा, नेमकी कशासाठी दिली आणि कमी कधी करणार? "रात्री ओरडतात" एवढ्यावर गप्प बसू नका. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनची २०१६ ची गाइडलाइन म्हणते की ४ आठवड्यांत फरक नाही तर हळूहळू बंद करा, आणि फरक पडला तरी साधारण ४ महिन्यांच्या आत कमी करून बघा. पेशंट मारहाण करतोय किंवा भास होऊन घाबरतोय तर थोडे दिवस लहान डोस लागतोही, नाही असं नाही. पण स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका हां, डोस डॉक्टरच उतरवतील.

आणि ओरडण्यामागचं कारण शोधा: लघवीचं इन्फेक्शन, गुडघेदुखी, पोट साफ न होणं (मावशींचं रजिस्टर बघा, आईचे पाच दिवस कोरे होते आणि कुणाच्या लक्षातही नाही!), कानाच्या मशीनचा संपलेला सेल.

आईचं अजून एक होतं, संध्याकाळी पाच वाजले की दार बडवायची. सदाशिव पेठेतल्या वाड्यात पाचला नळाला पाणी यायचं, मला हे आठवायलाच महिना लागला. आता डोस निम्म्यावर आलाय आणि पाचला मावशी तिच्या हातात तांब्या देतात, ती कुंड्यांना पाणी घालते, कधीकधी एकाच कुंडीला चारदा.