‘सांस्कृतिक पूर्वग्रह’ हा शब्द कुठे वापरायचा आणि कुठे नाही

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुकट भाजण्यावरून भांडण झालं, एकाने दुसऱ्याला टाकलं ‘हा तुमचा सांस्कृतिक पूर्वग्रह आहे’, मग दुसऱ्यानेपण तेच उलटं टाकलं, आणि मला जाणवलं की दोघांनाही शब्द माहितीये पण वापरायचा कसा ते नाही.

आधी स्पेलिंग. मराठीत पूर्वग्रह, पूर्वाग्रह हे हिंदीतलं. ‘तिने माझ्याबद्दल उगाच ग्रह करून घेतलाय’ असं आपण म्हणतोच की, तोच हा ग्रह (शनी-मंगळवाला नाही), आणि पूर्व म्हणजे आधी, माणूस कळायच्या आधीच करून घेतलेला. त्याचं कारण समोरच्याचं खाणं, बोली, पेहराव, देवधर्म, चालीरीती असं काही असेल तर सांस्कृतिक. शेजाऱ्याने पैसे बुडवले म्हणून तुम्ही त्याला लबाड म्हणालात तर तो अनुभव झाला, पण ‘त्यांच्याकडचे सगळे असलेच’ म्हणालात की झाला पूर्वग्रह.

आता सुकटच घ्या. ‘मला वास सहन होत नाही’ ही आवडनिवड, बोला बिनधास्त. ‘मासे खाणारे लोक घाणेरडे राहतात’ हा पूर्वग्रह. आणि मासे खातात म्हणून फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही, हा भेदभाव. म्हणजे पूर्वग्रह डोक्यात असतो, भेदभाव हातून घडतो, म्हणून ‘त्याने पूर्वग्रह केला’ हे कानाला खटकतं. पूर्वग्रह असतो, बाळगतात, करून घेतात, भेदभाव मात्र करतात. मत आधीच बिघडलेलं असेल तर पूर्वग्रहदूषित म्हणा, छान शब्द आहे.

भाषेतला पूर्वग्रह तर आपल्याला दिसतच नाही इतका अंगवळणी पडलाय. पोरगा ‘पानी’ म्हणाला की वर्गात हशा, आणि हसणारा मनात लिहून मोकळा की हा अभ्यासात कच्चा असणार. ण आणि न चा गणिताशी काय संबंध हो?

आणि हे फक्त टोमण्यांपुरतं राहत नाही. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा आणला, त्यात अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवता यायच्या, कोणी काही केलेलं असो नसो, मग हजेरी लावा, गाव सोडायचं तर परवानगी घ्या. तो रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, त्या जमातींना विमुक्त म्हणायला लागले, पण कुठे चोरी झाली की पहिलं बोट पारधी वस्तीकडे जातं ते अजून जातंच. कायदा गेला, ग्रह राहिला. अशा ठिकाणी हा शब्द पूर्ण वजनाने वापरा.

वाक्य करताना कोणाचा, कोणाबद्दल आणि कशावरून हे तिन्ही आलं पाहिजे, नाहीतर ती नुसती शिवी होते. ‘तुम्ही पूर्वग्रहदूषित आहात’ म्हटलं की माणूस भडकतो, त्यापेक्षा ‘कोकणातल्या लोकांबद्दल हे मत तुम्ही नुसत्या सुकटीच्या वासावरून बनवलंय’ असं लिहा. एवढं लिहिल्यावर तो शब्द नाही आला तरी चालतं.