पोरांची फुटबॉल प्रॅक्टिस घ्यायची तर रांग मोडा आधी

बेळगावात सकाळी कुठल्याही ग्राउंडवर जाऊन बघा, लेले ग्राउंड घ्या नाहीतर व्हॅक्सिन डेपो, पोरं फुटबॉलला म्हणून येतात आणि आधी राऊंड मारत बसतात, मग प्लास्टिकच्या कोनसमोर रांग, एकटा ड्रिबल करतोय, म्हणजे बॉल पायानं ढकलत नेतोय, आणि बाकीचे बुटानं लाल माती उकरत उभे. हे काय बरोबर नाही बघा. तासाभरात प्रत्येक पोराच्या पायाला बॉल किती वेळा लागला, मी तेवढंच बघतो.

त्यामुळं पैसे असतील तर जर्सीच्या आधी बॉल घ्या, जर्सी फोटोपुरती. प्रत्येकाला एक, नाही जमलं तर दोघांत एक. ८ वर्षांखालच्यांना ३ नंबरचा, ८ ते १२ ला ४ नंबरचा, १३ पासून पुढं ५ नंबरचा. सात वर्षाच्या पोराला ५ नंबरचा जड बॉल दिला की ते नुसतं बोटानं ढकलतं, किक कधी बसतच नाही.

जो लवकर येईल त्याला उभं ठेवू नका, चपलांचे गोलपोस्ट करून दोन-दोनची मॅच लावून द्या, वॉर्म-अप तिथंच होतोय. मग एका दिवशी एकच गोष्ट घ्या. समजा पासिंग आहे, तर आठ-दहा पावलांचा चौकोन, चौघं कडेला, एक आत, बॉल त्याला मिळू द्यायचा नाही. आतला सारखा बॉल काढून घ्यायला लागला तर चौकोन मोठा करा, बाहेरचे आरामात खेळायला लागले तर लहान करा. एवढं कळलं की निम्मं कोचिंग आलं तुम्हाला. लहानांना शेवटी चार-चारची मॅच, गोलकीपर नको, आणि मोठ्या ग्राउंडवर अकरा-अकरा तर अजिबात नको, त्यात बॅकला उभं राहिलेल्या पोराला बॉल दिसतोय तेवढाच.

तुम्ही गप्प बसायचं, हेच सगळ्यात अवघड. कडेनं "मार मार, डावीकडं दे" ओरडलात की पोरगं समोर बघायचं सोडून तुमच्याकडं बघतंय. दोनदा थांबवा फार तर, "आत्ता मोकळा कोण होता रे?" एवढं विचारा आणि सोडा. त्यांचं ते आपापसात "पास माडू, इकडं दे की" असं कन्नड-मराठी मिसळून ओरडतात, ओरडू द्या. आणि आई-बाबांना, विशेषतः बाबांना, कट्ट्यावर लांब बसवा.

लहानांना हेडिंग, म्हणजे बॉल डोक्यानं मारायला, शिकवायची घाई नको. अमेरिकेत २०१५ मध्ये १० वर्षं आणि त्याखालच्यांचं हेडिंग बंद करायचं ठरवलं, इंग्लंडमध्ये २०२० पासून प्रायमरीच्या पोरांना प्रॅक्टिसमध्ये हेडिंग शिकवत नाहीत, डोक्याला मार नको म्हणून.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडं ग्राउंड म्हणजे नुसता राडा, बॉल डबक्यात अडकतोय, तेव्हा जमिनीवरच्या पासिंगचा हट्ट सोडा, बॉल अंगाआड धरून ठेवायचं शिकवा, नाहीतर एखादा हॉल मिळवा. एप्रिल-मेच्या वळवात मात्र गडगडलं की लगेच सगळ्यांना पक्क्या छताखाली न्या, झाडाखाली नाही हं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कुणालाच परत सोडू नका, पोरं कितीही मागं लागली तरी.