कांद्याच्या हिशोबपट्ट्या एक्सेलच्या टेबलात कशा लावाव्यात

आमच्याकडे, निफाड तालुक्यात, कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे बाजारात माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशोबाच्या पावत्या, भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवायची रीत. एका उन्हाळ्यात मी त्या सगळ्या एक्सेलमध्ये उतरवल्या आणि आबांना एकूण आकडा सांगितला. त्यांनी बोटांवर मोजून विचारलं, "मग शेवटचे तीन ट्रॅक्टर कुठं गेले?" बेरीज मी चाळिसाव्या ओळीपर्यंतच बांधली होती आणि पुढच्या पट्ट्या तिच्यात आल्याच नव्हत्या. त्या माहितीचं एक्सेलमधलं 'टेबल' केलं असतं तर नव्या ओळी बेरजेत आपोआप आल्या असत्या आणि ही फजिती टळली असती.

आधी मथळे लिहा, एकाच ओळीत: पट्टी क्रमांक, तारीख, बाजार, माल, वजन, भाव, रक्कम, कपात, हाती. एका पट्टीला एक ओळ. पट्टीवर उन्हाळ कांदा आणि गोल्टी (बारीक कांदा) वेगळ्या भावाने लागली असेल तर दोन ओळी करा. मध्ये रिकामी ओळ नको, घरं (सेल) जोडलेली नकोत. वजनात नुसतं २५ लिहा. पुढे 'क्विंटल' जोडलंत की तो आकडा राहत नाही, मजकूर होतो आणि बेरजेतून गळतो. तारखेचंही तेच. टाकलेली तारीख घराच्या डावीकडे चिकटली तर एक्सेलने ती तारीख म्हणून घेतलेलीच नाही, असं बहुधा समजायचं.

आता या माहितीत कुठेही क्लिक करून कंट्रोल आणि टी दाबा. पहिली ओळ मथळ्यांची आहे का, असं विचारलं जाईल. खूण ठेवून ओके करा. वर 'टेबल डिझाइन' दिसेल, तिथे डावीकडे टेबलचं नाव बदलून कांदाविक्री ठेवा. नावात मोकळी जागा चालत नाही. ही सोय एक्सेल २००७ पासून आहे. गूगल शीट्समध्ये ती २०२४ साली आली. तिथे फॉरमॅट मेनूत 'कन्व्हर्ट टू टेबल' शोधा.

रकमेच्या पहिल्या घरात बरोबरचं चिन्ह टाका, त्याच ओळीतल्या वजनावर क्लिक करा, गुणाकाराची फुली टाका, भावावर क्लिक करा. सूत्र साधारण =[@वजन]*[@भाव] असं दिसेल. @ म्हणजे 'याच ओळीतलं'. एंटर दाबताच सूत्र खालपर्यंत आपोआप भरतं. हाती म्हणजे रक्कम वजा कपात. हमाली, तोलाई, वाराई जे काही पट्टीवर कापलं असेल ते कपातीत. नवी पट्टी आली की शेवटच्या घरात टॅब दाबा, नवी ओळ सूत्रासकट तयार.

'टेबल डिझाइन'मध्ये 'टोटल रो'वर खूण केली की खाली बेरजेची ओळ येते. बाजाराच्या बाणावरून फक्त लासलगाव निवडलंत तर बेरीजही तेवढ्याचीच होते. पिंपळगाव बसवंतला नेलेला माल परवडला का, हे असं दोन क्लिकमध्ये कळतं.

पण भावाखाली सरळ 'अ‍ॅव्हरेज' निवडू नका. समजा २५ क्विंटल कांदा १,४०० रुपयांनी गेला आणि ५ क्विंटल गोल्टी ६०० रुपयांनी. एक्सेल सरासरी १,००० दाखवेल. प्रत्यक्षात ३० क्विंटलचे ३८,००० आले, म्हणजे क्विंटलला सुमारे १,२६७. म्हणून भावाखालच्या घरात रकमेची बेरीज भागिले वजनाची बेरीज असं सूत्र स्वतः घाला.

बाजारांची नावं मात्र एकाच पद्धतीने लिहा. 'पिंपळगाव' आणि 'पिंपळगांव' हे एक्सेलला दोन वेगळे बाजार वाटतात, आणि घरात दोघंजण नोंदी करत असतील तर हे होतंच. त्यावर 'डेटा व्हॅलिडेशन'मधून त्या स्तंभाला ठरलेल्या नावांची यादी लावा. मग टाइप करायचं नाही, निवडायचं.

तारेवरच्या पट्ट्या टाकून देऊ नका. आकड्याचा संशय आला की पट्टी क्रमांक पाहून तीच पट्टी काढता येते. आबा अजून तसंच तपासतात.