प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नसेल तेव्हा काय तपासावे

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणे. ‘ओव्हरक्लॉक होत नाही’ ही तक्रार ऐकायला एकच असली, तरी तिच्या पोटात तीन निरनिराळे दोष असतात, आणि ते वेगळे न काढता थेट व्होल्टेज वाढवायला घेणे ही या कामातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पहिल्या प्रकारात बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) बदलण्याची सोयच सापडत नाही, किंवा सापडली तरी आकडा स्वीकारला जात नाही. दुसऱ्या प्रकारात आकडा स्वीकारला जातो, संगणक व्यवस्थित सुरूही होतो, पण विंडोजमध्ये वेग जुनाच दिसतो. तिसऱ्या प्रकारात वेग खरोखर वाढतो, मात्र भार येताच संगणक गोठतो, निळा पडदा दाखवतो किंवा स्वतःहून रीस्टार्ट होतो. व्होल्टेज हा यांपैकी केवळ तिसऱ्या दोषावरचा उपाय आहे, आणि तिथेही तो सर्वांत आधी करायचा उपाय नव्हे.

काहीही बदलण्यापूर्वी बायोसमधल्या संबंधित पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. मग सर्व सेटिंग मूळ स्थितीला आणून सिनेबेंचसारखा प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा एखादा भार दहा मिनिटे चालवावा आणि वेग, तापमान व वॉट हे तीन आकडे लिहून घ्यावेत. मूळ सेटिंगवरच संगणक डळमळत असेल, तर ओव्हरक्लॉकचा विचार तिथेच थांबवून आधी तो दोष शोधावा. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या वरच्या श्रेणीच्या प्रोसेसरच्या बाबतीत ही खबरदारी विशेष महत्त्वाची आहे. प्रोसेसरने गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागण्यामुळे त्यांच्यात अस्थिरता येत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाले आणि ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडच्या (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या अंतर्गत सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या. अशा प्रोसेसरवर बायोस अद्ययावत केल्याशिवाय पुढे जाऊच नये. शिवाय झालेली झीज नव्या मायक्रोकोडने भरून येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

आता पहिला प्रकार. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक आणि मल्टिप्लायर यांचा गुणाकार: १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला ५० ने गुणले की ५ गिगाहर्ट्झ होतात. इंटेलच्या बाजूला हा मल्टिप्लायर वर नेण्याची मुभा प्रामुख्याने नावाच्या शेवटी ‘के’ असलेल्या प्रोसेसरना, म्हणजे के, केएफ आणि केएस यांना असते, आणि मदरबोर्डचा चिपसेटही, म्हणजे बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिपही, झेड मालिकेतला, जसे झेड४९०, झेड६९० किंवा झेड७९०, असावा लागतो. बी किंवा एच मालिकेच्या बोर्डावर के प्रोसेसर उत्तम चालतो, पण प्रोसेसरचा मल्टिप्लायर वर जात नाही. गोंधळ होतो तो इथे, कारण बी५६० पासून पुढच्या बी मालिकेत मेमरीचा वेग वाढवता येतो आणि त्या पानावर ‘ओव्हरक्लॉकिंग’ हाच शब्द दिसतो. एएमडीच्या बाजूला परिस्थिती अधिक उदार आहे. डेस्कटॉपचे बहुतेक रायझेन प्रोसेसर खुले असतात, पण ए३२०, ए५२० आणि ए६२० हे चिपसेट प्रोसेसरच्या ओव्हरक्लॉकला परवानगी देत नाहीत, बी आणि एक्स मालिकेतले बहुतेक देतात. २०२२ चा रायझेन ७ ५८००एक्स३डी हा ठळक अपवाद आहे. त्याचा मल्टिप्लायर बंद ठेवलेला आहे, त्यामुळे तिथे बोर्ड बदलूनही उपयोग नाही. त्याच्या पुढच्या ७००० मालिकेतल्या एक्स३डी प्रोसेसरमध्येही मल्टिप्लायर बंदच आहे, मात्र प्रत्येक कोअरचे व्होल्टेज थोडे कमी-जास्त करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर वापरता येतो. २०२४ चा ९८००एक्स३डी पूर्ण खुला आहे.

मल्टिप्लायर बंद असेल तर बेस क्लॉक वाढवावा, असा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. एके काळी तो खरा होता: १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चा बस, म्हणजे तेव्हाचा बेस क्लॉक, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावत असे. परंतु २०११ च्या सँडी ब्रिजपासून तोच क्लॉक संगणकाच्या इतर भागांशीही बांधला गेला, आणि काही टक्क्यांच्या पलीकडे तो हलवला की आधी तेच भाग कोलमडू लागले. पुढच्या काही पिढ्यांत थोडी सूट मिळाली, पण बंद प्रोसेसरवर तो मार्ग भरवशाचा राहिला नाही. ज्या प्रोसेसर-बोर्डाच्या जोडीला परवानगीच नाही, तिच्यावर वेळ घालवू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा प्रकार सर्वांत जास्त फसवतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवे. वेग वाढला नाही असे म्हणण्याआधी तो कुठे पाहिला हे तपासावे. विंडोजच्या ‘अबाउट’ पानावर प्रोसेसरच्या नावापुढे लिहिलेला वेग हा अनेकदा त्याच्या नावाचाच भाग असतो, तो कधीच बदलत नाही. टास्क मॅनेजरमधला ‘बेस स्पीड’ हाही छापील आकडाच समजावा. पाहायचा असतो तो त्याच पानावरचा मोठ्या अक्षरांतला ‘स्पीड’. तोही रिकाम्या बसलेल्या संगणकावर पाहिला तर खाली गेलेला दिसेल, कारण काम नसताना प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी वेग उतरवतो आणि हा दोष नसून गुण आहे. म्हणून भार चालू ठेवूनच मोजावे आणि मोजण्यासाठी एचडब्ल्यूइन्फोसारखे साधन वापरावे. त्यात ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे प्रत्यक्षात मिळालेला सरासरी वेग, अशी वेगळी ओळ असते. रायझेनवर व्होल्टेज कमी पडत असेल, तर दाखवलेला वेग ४.७ राहून इफेक्टिव्ह क्लॉक बराच खाली असू शकतो, आणि तेव्हा बेंचमार्कचे गुण वाढण्याऐवजी घटतात.

माझ्या एका इंटेल संगणकावर मी बायोसमध्ये ४.८ गिगाहर्ट्झ लावले होते, आणि भाराखाली वेग ३.७ च्या आसपास खिळून राहिला होता. दोन संध्याकाळी मी बायोसची पाने उलटसुलट केली, व्होल्टेज दोनदा वाढवले, काही फरक पडला नाही. कारण विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये निघाले. तिथे ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ या ओळीत ९९ टक्के लिहिलेले होते, जे पंख्याचा आवाज कमी करण्यासाठी मीच कधीतरी लिहिले होते. तो आकडा १०० च्या खाली गेला की टर्बो, म्हणजे बेस स्पीडच्या वर जाण्याची सोय, बंद होतो, म्हणजे एका टक्क्याने एक गिगाहर्ट्झहून अधिक वेग खाल्ला होता. १०० लिहून ‘अप्लाय’ दाबल्याबरोबर आकडा ४.८ वर गेला. तेव्हापासून मी बायोसला हात लावण्याआधी ही ओळ पाहतो.

पॉवर प्लॅन ठीक असेल, तर सेटिंग खरोखर टिकले आहे का ते पाहावे. बऱ्याच बोर्डांवर सुरू होण्याचे प्रयत्न फसले की बायोस सुरक्षित मूल्यांवर परततो आणि संगणक काही घडलेच नाही अशा थाटात सुरू होतो, त्यामुळे पुन्हा बायोसमध्ये शिरून आकडा तिथे आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. प्रत्येक वेळी वीज काढल्यावर सेटिंगसोबत घड्याळही मागे जात असेल, तर बोर्डावरची ३ व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. बायोस आणि विंडोजमधले साधन, म्हणजे इंटेलचे एक्सटीयू किंवा एएमडीचे रायझेन मास्टर, दोन्हीकडून एकाच वेळी आकडे लावू नयेत, कारण विंडोज सुरू होताच साधनातली जुनी प्रोफाइल बायोसच्या आकड्यांवर मात करू शकते. एक्सटीयूमधली नियंत्रणे राखाडी होऊन हलतच नसतील, तर विंडोजची ‘मेमरी इंटेग्रिटी’ ही सुरक्षा आणि हायपर-व्ही हे आभासी संगणक चालवणारे साधन यांसारख्या सोयी चालू आहेत का ते बघावे. मात्र निव्वळ त्यासाठी सुरक्षा उतरवण्यापेक्षा तेच काम बायोसमधून करणे मला अधिक योग्य वाटते.

संगणक कोसळत नाही, पण वाढलेला वेग टिकत नाही, अशी दुसऱ्या प्रकाराच्या जवळची स्थिती असेल तर मर्यादा शोधावी, आणि ती घड्याळ लावून शोधता येते. भार सुरू केल्यावर वेग जवळपास मिनिटभर पूर्ण राहून मग एकदम पायरी उतरल्यासारखा खाली येत असेल, तर ती बहुधा वॉटची मर्यादा असते. उदाहरणार्थ, इंटेलच्या आय९-१०९००के ची मूळ मर्यादा दीर्घकाळासाठी १२५ वॉट आणि अल्पकाळासाठी २५० वॉट असून तो अल्पकाळ ५६ सेकंदांचा आहे. याउलट तापमान काही सेकंदांतच १०० अंशांना टेकून वेग खालीवर हेलकावे खात असेल, तर अडचण थंडाव्याची आहे. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल तापमानमर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे, रायझेन ७००० मालिकेत ती साधारणपणे ९५ आहे. वॉट आणि तापमान दोन्ही मर्यादेत असूनही दहा-पंधरा मिनिटांनी वेग कोसळत असेल, तर बोर्डाचा व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, बहुधा तापला आहे. त्यावर हवा खेळती करण्याखेरीज स्वस्त उपाय नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये यांपैकी कोणती मर्यादा लागू झाली त्याच्या ‘येस’ आणि ‘नो’ अशा ओळी दिसतात, त्यामुळे अंदाज बांधत बसावे लागत नाही. रायझेनवर हेच काम पीपीटी (एकूण वॉट), टीडीसी (सततचा विद्युतप्रवाह) आणि ईडीसी (क्षणिक कमाल विद्युतप्रवाह) हे तीन आकडे करतात. १०५ वॉटच्या, एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला पीपीटी १४२ वॉट असते. मर्यादा वाढवण्यापूर्वी कूलर तेवढी उष्णता वाहून नेऊ शकतो का, याचे उत्तर आधी मिळवावे.

तिसऱ्या प्रकारात, म्हणजे वेग वाढून संगणक कोसळत असेल तेव्हा, सर्वांत आधी मेमरी मूळ वेगावर आणावी. एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे मेमरीचा वेग वाढवणारी तयार प्रोफाइल, चालू ठेवून प्रोसेसर वाढवला, तर दोष कोणाचा हे कधीच कळत नाही. त्यानंतर कॅबिनेट उघडून प्रोसेसरजवळची आठ पिनांची वीजजोडणी पूर्ण बसली आहे ना हे बोटाने दाबून पाहावे. बोर्डावर अशा दोन जागा असतील, तर दोन्हींबाबत बोर्डाची माहितीपुस्तिका काय सांगते ते वाचावे. मग विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये हार्डवेअरच्या चुकांची नोंद ठेवणारा ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ शोधावा. इव्हेंट १९ म्हणजे चूक झाली पण दुरुस्त झाली, इव्हेंट १८ म्हणजे ती जीवघेणी ठरली. संगणक वरवर ठणठणीत दिसत असतानाही १९ ची रांग लागलेली असेल, तर ते ओव्हरक्लॉक स्थिर नाही.

एवढे झाल्यावरच व्होल्टेजकडे वळावे, तेही ०.०१ ते ०.०२ व्होल्टच्या पायऱ्यांनी. विजेचा वापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १.२५ वरून १.३५ व्होल्टवर जाणे म्हणजे ८ टक्क्यांची वाढ दिसत असली, तरी वेग तोच ठेवूनही उष्णता सुमारे १७ टक्क्यांनी वाढते, आणि स्थिरतेसाठी वाढवलेले व्होल्टेजच तापमानाच्या मर्यादेवर नेऊन आदळते. भार येताच व्होल्टेज खाली बसत असेल, तर ही घट भरून काढणारे लोड-लाइन कॅलिब्रेशन हे बायोसमधले सेटिंग मधल्या पातळीवर ठेवावे. सर्वांत कडक पातळीवर भार सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळते आणि ती उसळी साध्या मोजणीत दिसतही नाही. कोसळणे केवळ प्राइम९५ सारख्या एव्हीएक्सच्या, म्हणजे प्रोसेसरवर फार ताण देणाऱ्या विशेष गणिती सूचनांच्या, भारात होत असेल, तर इंटेलवर एव्हीएक्स ऑफसेट देऊन तेवढ्या कामापुरता वेग उतरवता येतो.

१०० मेगाहर्ट्झसाठी ०.०५ व्होल्टहून अधिक मागणी होऊ लागली, की त्या सिलिकॉनची हद्द आली असे मी मानतो. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर सारखे निघत नाहीत आणि दुसऱ्याच्या संगणकावरचा आकडा आपल्याला मिळेलच असे नाही. रायझेनवर तर सगळ्या कोअरना एकच स्थिर वेग लावल्याने बूस्ट बंद होतो. ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट होणारा ५८००एक्स ४.५ वर बांधला, तर एका कोअरवर चालणारी कामे उलट मंदावतात. तिथे पीबीओ (बूस्टच्या मर्यादा वाढवणारी एएमडीची सोय) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर हीच योग्य वाट आहे.

हद्द सापडल्यावर एक पायरी खाली यावे, मेमरीची प्रोफाइल पुन्हा चालू करावी आणि ओसीसीटी किंवा प्राइम९५ वर काही तास पुन्हा चाचणी घ्यावी. संगणक रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड असताना सुरू करून पाहणे हाही चाचणीचाच भाग आहे, कारण काही ओव्हरक्लॉक तापलेल्या अवस्थेत तासन्‌तास टिकतात आणि थंड सुरुवातीलाच अडतात. मग सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये जतन करावे आणि नव्या पानांची छायाचित्रेही जुन्यांशेजारी ठेवावीत, कारण बायोस अद्ययावत करताना जतन केलेल्या प्रोफाइल बहुतेक वेळा पुसल्या जातात.